जोडीदाराचे पूर्ण नाव

“बाबा, तुम्ही बेशुद्ध पडलात आणि चांगले आठ-दहा दिवस उठलाच नाहीत, तर नळ्या ठेवायच्या की काढायच्या हे कोण ठरवणार?”

हा प्रश्न तोफेने रविवारी सकाळी विचारला, तेव्हा अर्धा टोस्ट बाबांच्या तोंडात होता आणि उरलेला अर्धा चहात. प्रश्न ऐकून चहातला अर्धा चहातच राहिला. तो शेवटपर्यंत सापडला नाही.

तोफ म्हणजे या घरातली एकुलती एक कन्या. वय सोळा वर्षं पाच महिने. मागच्या वर्षापर्यंत हजेरी देतानासुद्धा तिचा आवाज पहिल्या बाकापलीकडे जात नसे. मग ऐनवेळी दुसरीच कोणी आजारी पडली म्हणून ती वक्तृत्वस्पर्धेत उभी राहिली, दुसरी आली, आणि जे तोंड उघडलं ते अजून मिटलेलं नाही. मैत्रिणींनी ‘तोफ’ हे नाव ठेवलं आणि तिने ते पदवीसारखं लावून घेतलं. तर शनिवारी शाळेत एका डॉक्टरबाईंचं व्याख्यान झालं. माणूस बोलायच्या स्थितीत नसेल तर त्याच्या वतीने बोलायला कोणीतरी आधीच नेमून ठेवावं, असा विषय. मधल्या सुट्टीत मुली म्हणाल्या, “एवढी तोफ आहेस ना, मग घरी विचारून दाखव! नाही विचारलंस तर आठवडाभर आमच्या प्रयोगवह्यांतल्या आकृत्या तू काढायच्या.” तोफेला बेडकाचं पोट काढता येत नाही. ती काढते तो प्राणी बेडकाला पाहुणा म्हणूनही चालणार नाही. तेव्हा विचारणं भाग होतं.

बाबांनी त्या वेळी ‘तुझी आई’ एवढे दोन शब्द उच्चारले असते, तर ही गोष्ट इथेच आटोपली असती. पण बाबा म्हणाले, “कोणी कशाला ठरवायला हवं? मी उठेन की.”

“आणि नाही उठलात तर?” आईने विचारलं.

“मी रोज सहाला उठतो.”

बाबा पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितशोधक आहेत. छापण्याआधी मजकुरातल्या चुका शोधायच्या, हे त्यांचं पोटापाण्याचं काम. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडून पकडून, चूक ही वस्तू आपल्याकडे पिकतच नाही अशी त्यांची खात्री झाली आहे. आई मोटार चालवायला शिकवते. शिकाऊ गाडीत तिच्या पायाखाली स्वतंत्र ब्रेक असतो. घरातही तो असतो, असं बाबांचं मत आहे. ते त्यांनी मोठ्याने कधी मांडलेलं नाही.

आईने उठून इस्पितळाची फाईल आणली. येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या गुरुवारी बाबांचं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं होतं. तो गुरुवार हुकला की सर्जन महिनाभर रजेवर. फाईलमध्ये लागणाऱ्या कागदांची यादी होती, आणि सातव्या क्रमांकावर नेमकं हेच: वैद्यकीय निर्णयांसाठी जोडीदाराच्या नेमणुकीची नोंदणीकृत प्रत.

“हा सातवा कागद कुठाय?” आईने विचारलं.

“तो ऐच्छिक असेल.”

“वर ‘अनिवार्य’ लिहिलंय. ठळक अक्षरात.”

मुद्रितशोधकाला हे वर्मी लागलं.

“माझं नाव घाला!” तोफ म्हणाली. “मी ठरवते. मी पटापट ठरवते.”

“अठरा पूर्ण लागतात,” आई म्हणाली. “आणि तुला कोणते बूट घालायचे ते ठरवायला वीस मिनिटं लागतात. तेवढ्यात बाबा गेले.”

“मी इथेच आहे अजून,” बाबा म्हणाले.

शेवटी असं ठरलं, की सोमवारी बाबांनी अर्ज आणायचा, भरायचा आणि खिडकीवर देऊन यायचं. आईला दिवसभर शिकाऊ मंडळी होती. “भरता येईल ना?” तिने विचारलं. बाबा नुसते हसले. बावीस वर्षांचा अनुभव असलेला माणूस हसतो तसे.

*

आता इथे चष्मेवाले काका येतात. बाबा अकरा वर्षं, आठवड्यातून तीनदा, कोपऱ्यावरच्या हॉलमध्ये बॅडमिंटन खेळतात, तेही दुहेरी. चष्मेवाले काका त्यांचे जोडीदार. त्यांचं चष्म्यांचं दुकान आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावर. ‘आमच्या’ म्हणजे तोफेच्या. गोष्ट सांगताना असं होतं. काका एकटेच राहतात, दुकानामागच्या खोलीत. खेळ बरा आहे, फक्त एक खोड. शटल मागे जाऊ लागलं की ते ओरडतात, “सोड! सोड! बाहेर जातंय!” बाबा विश्वासाने सोडतात, आणि शटल रेषेच्या चांगलं वीतभर आत पडतं. अकरा वर्षांत ही जोडी एकही सामना जिंकलेली नाही. लोकांचे डोळे तपासणाऱ्या माणसाला रेघ दिसत नाही, हा हॉलमधला कायमचा विनोद.

सोमवारी बाबांनी अर्ज आणला आणि तो हॉलच्या बाकावर बसून, खेळाआधी, काकांच्या पेनाने भरला. अर्जात एक रकाना होता: ‘जोडीदाराचे पूर्ण नाव’. बाबांनी वर पाहिलं. शेजारी जोडीदार बसला होता, मोज्यांतून पाय काढून. बाबांनी त्याचं पूर्ण नाव विचारलं आणि लिहिलं.

पुढचे रकानेही त्यांनी प्रामाणिकपणे भरले. ‘एकत्र किती काळ?’ अकरा वर्षे, आठवड्यातून तीनदा. ‘नात्याचे स्वरूप?’ दुहेरी. शुद्धलेखनाची एकही चूक नाही. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, सगळं जागच्या जागी. खिडकीवरच्या बाईंनी अर्ज घेतला, ठप ठप असे दोन शिक्के मारले आणि “पुढचे” म्हणाल्या. जग असं चालतं.

बुधवारी नोंदणी कार्यालयाचा संदेश आला. बाबा फोन बघत नाहीत, म्हणून सगळ्या अर्जांवर ते आईचा नंबर देतात. संध्याकाळी आईने तो संदेश वाचून दाखवला. शिकाऊ माणूस भिंतीच्या दिशेने निघाला की ती जो अत्यंत शांत आवाज लावते, त्या आवाजात.

“‘आपण आपले जोडीदार श्री.’ आणि पुढे चष्मेवाले भाऊजींचं नाव, त्यांच्या वडिलांच्या नावासकट, ‘यांची वैद्यकीय निर्णयांसाठी नेमणूक केल्याबद्दल आभार. आपल्या सहजीवनास शुभेच्छा.’”

घड्याळाची टिकटिक ऐकू आली. या घरात घड्याळ डिजिटल आहे.

“अगं, तिथे ‘जोडीदार’ लिहिलं होतं,” बाबा म्हणाले.

“मग मी कोण?”

“तू बायको! ‘बायको’ छापलं असतं तर मी बायको लिहिलं असतं. ‘पत्नी’ छापलं असतं तरी चाललं असतं. मी जे छापलंय ते वाचतो. मनचं वाचणं हे आमच्या धंद्यात पाप आहे.”

“एकोणीस वर्षं,” आई म्हणाली, “मी या घरात आहे. तीनदा नाही, आठवड्यातून सातदा. आणि उद्या तुम्ही नळ्या लावून पडलात की डॉक्टर कोणाला विचारणार? ज्या माणसाला आत पडणारं शटल बाहेर दिसतं, त्याला! डॉक्टर म्हणतील, काय करू या? आणि भाऊजी कॉटशेजारी उभं राहून ओरडतील, सोड! सोड!”

तोफेला हसू आलं. मग तिने आईकडे नीट पाहिलं आणि तिचं हसू आतल्या आत विझलं. आईचे डोळे भरले होते. आई पुढे एवढंच म्हणाली, “चूक झाली म्हणता, पण चूक करताना माझी आठवणही आली नाही.” आणि ती भाजी चिरायला गेली. नंतरचे पाच दिवस ती बाबांशी फक्त इशाऱ्यांनी बोलली. वळणाचे, थांबण्याचे, रस्ता द्या असे.

पैजेतून सुटलेल्या तोफेला आता बेडकाची चाळीस पोटं काढणं परवडलं असतं.

*

तिकडे चष्मेवाले काकांनाही संदेश गेला होता. त्यांनी तो दोनदा वाचला, छातीचा भाता केला आणि गुरुवारी सकाळी सात वाजता वहीपेन्सिल घेऊन दारात हजर झाले.

“वहिनी, मी प्रतिनिधी या नात्याने आलोय.”

आईने दार उघडं ठेवलं आणि स्वतः दुसऱ्या खोलीत निघून गेली.

काकांनी बाबांची जीभ पाहिली. दुसरा चहा बंद केला. बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर ठेवला. मग समोर खुर्ची ओढून म्हणाले, “आता तुझी इच्छा समजून घेतो. समजा, श्वास घेता येत नाहीये. यंत्र लावू?” आणि सवयीने पुढचं आपोआप आलं. “लावलेलं बरं वाटतं, का न लावलेलं? पहिलं? ... का दुसरं? परत बघ. पहिलं ... दुसरं?”

“दोन्ही सारखंच वाटतंय,” बाबा घाबरून म्हणाले.

“मग नंबर बरोबर आहे,” काका म्हणाले आणि वहीत टिक केली.

ही बातमी इमारतभर पसरायला जिन्याचे दोन मजले पुरले. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, “विषय सभेत घेऊ. एकवीस दिवसांची नोटीस द्यावी लागेल.” वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका आईला जिन्यात धरून म्हणाल्या, “नवरा आणि अर्ज, दोन्ही स्वतः भरावेत. दुसऱ्यावर सोपवले की गेले.” नवरा कसा भरायचा हे त्यांनी सांगितलं नाही. लिफ्टमध्ये दोन पक्ष पडले. एका पक्षाचं म्हणणं, मैत्री मोठी. दुसऱ्याचं म्हणणं, या माणसाच्या पोटाचं ऑपरेशन आहे की डोक्याचं?

सोमवारी आईने सुट्टी टाकली आणि तिघं खिडकीवर गेली. तोफ बरोबर होती, कारण तिच्या मते हे सगळं तिच्यामुळे झालं होतं आणि तिचं मत कोणी खोडून काढलं नव्हतं.

“नेमणूक रद्द करायची आहे,” बाबा म्हणाले.

“कारण?” खिडकीवाल्या बाईंनी मान वर न करता विचारलं. “मृत्यू, विभक्ती की बेपत्ता?”

“चुकून लिहिलं, असं कारण नाही का?”

“चुकून तर सगळेच लिहितात. म्हणून तो रकाना ठेवलाच नाही.”

“मग ... विभक्ती घाला,” बाबा पुटपुटले.

“मोठ्याने बोला. काच आहे.”

“विभक्ती!” बाबा ओरडले. मागची अख्खी रांग एक पाऊल पुढे सरकली.

“जोडीदाराची संमतीची सही लागेल,” बाई म्हणाल्या आणि आईकडे पाहिलं. “या कोण?”

“ही बायको.”

“आणि जोडीदार?”

“तो वेगळा आहे.”

बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. रांगेतल्या एका सज्जन गृहस्थांना राहवलं नाही. ते पुढे वाकून बाबांच्या अर्जात डोकावले आणि हळव्या आवाजात म्हणाले, “अकरा वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत हो. समजुतीनं घ्या.” मग आईकडे वळले. “ताई, राग मानू नका, पण तुम्ही मध्ये का पडताय?”

घरी येताना गाडी आई चालवत होती. बाबा मागे बसले.

त्याच संध्याकाळी बाबा संमतीचा कागद घेऊन दुकानात गेले आणि पाच मिनिटांत कागद घेऊन परत आले. सही नव्हती.

“त्याने कारण वाचलं,” बाबा म्हणाले. “‘विभक्ती’. चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत वाचलं. म्हणाला, मी सोडणार नाही.”

“काय म्हणाले?” आईने विचारलं. पाच दिवसांतला पहिला शब्द.

“सोडणार नाही.”

“अकरा वर्षं ‘सोड सोड’ करणारा माणूस,” आई भिंतीला म्हणाली, “आणि हे तेवढं सोडणार नाही!”

*

मंगळवारी शाळा सुटल्यावर तोफ एकटीच दुकानात शिरली. गुरुवार दोन दिवसांवर आला होता. दप्तरात कागद होता आणि डोक्यात सात मिनिटांचं भाषण. प्रस्तावना, तीन मुद्दे, समारोप.

“काका, माणसाच्या आयुष्यात काही प्रसंग असे येतात ...”

“बस,” काका म्हणाले. त्यांनी तिला तपासायच्या खुर्चीवर बसवलं, नाकावर ती जड लोखंडी चौकट चढवली आणि समोरच्या पाटीवरचा दिवा लावला. “वाच. शेवटची ओळ.”

तिने डोळे बारीक केले. “न ... म? ... ही ओळ कोणालाच दिसत नसेल.”

“मला दिसते,” काका म्हणाले. ते तिच्याही मागे, दाराशी उभे होते. तिथून त्यांनी ती घडाघडा वाचली. मग उलटीकडून वाचली. तोफेने चौकट काढून पाटीपाशी जाऊन पाहिलं. एकही अक्षर चुकलं नव्हतं.

“मग शटल आत पडतं ते दिसत नाही?”

“दिसतं की.”

“मग ‘सोड’ का म्हणता?”

काकांनी एका चष्म्याच्या काड्या सरळ केल्या. “तुझा बाप मागच्या शटलसाठी उलटा धावतो. पहिली दहा वर्षं गुडघा धरून बसायचा. आता वर्षभर पोट धरतो. धावू नकोस म्हटलं तर ऐकतो का तो? त्याला चूक दाखवलेली चालत नाही. ‘बाहेर जातंय’ म्हटलं की थांबतो.” ते हसले. “हरलं तर हरलं. हरून कोणाला हर्निया होत नाही.”

भाषणात अशा जागी टाळ्यांसाठी थांबायचं असतं. तोफ नुसतीच थांबली.

काकांनी खण उघडून एक कागद काढला. तोच अर्ज, पण त्यांचा स्वतःचा. बाबांनी भरला त्याच दिवशी त्यांनीही एक आणला होता. अर्जदार म्हणून त्यांचं नाव होतं. ‘जोडीदाराचे पूर्ण नाव’ या रकान्यात काही नव्हतं.

“मला लिहायला कोणी नाही, ते ठीकच आहे,” काका म्हणाले. “पण माझंही नाव कोणी कुठे लिहिलं नव्हतं ग. दुकानाची पाटीसुद्धा मीच रंगवली. हा पहिलाच रकाना. तो चुकून भरला गेला हे मला त्याच दिवशी कळलं होतं. म्हटलं, चार दिवस असू दे. मग तुझ्या बाबाने ‘विभक्ती’ लिहून आणलं. दुसरा काही शब्द नव्हता का मुद्रितशोधकाला?”

“चौथा पर्याय नव्हता, काका.”

“पर्याय नसला तर हाताने लिहायचा.”

त्यांनी पेन घेतलं, ‘विभक्ती’वर एक स्वच्छ रेघ मारली, वर लिहिलं ‘सर्व्हिस बदलली’, आणि खाली सही केली. दुसऱ्या दिवशी खिडकीवाल्या बाईंनी ते वाचलं, “अच्छा, बदली झाली का,” म्हणाल्या आणि ठप ठप दोन शिक्के मारले.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी तोफेने घरी येऊन ‘सोड’ची सगळी हकिकत सांगितली. बाबा गुडघ्यावरून हात फिरवत बसले. आईने मात्र नवा कोरा अर्ज पुढे ओढला. “लिहा,” ती बाबांना म्हणाली. शब्दांत, इशाऱ्याने नव्हे.

बाबांनी तिचं पूर्ण नाव लिहिलं, तिच्या वडिलांचं नावसुद्धा न विचारता. ‘एकत्र किती काळ?’ एकोणीस वर्षे, आठवड्यातून सातदा. ‘नात्याचे स्वरूप?’ इथे ते थबकले. तिरक्या डोळ्याने आईकडे पाहिलं आणि लिहिलं: मिश्र दुहेरी.

आईने ओठ दाबून धरले, पण हसू कडेने निसटलंच. मग तिने बाबांच्या हातून पेन काढून घेतलं. अर्जात शेवटी एक छोटा रकाना असतो, जोडीदार हजर नसल्यास पर्यायी व्यक्ती. त्यात तिने आपल्या हाताने चष्मेवाले काकांचं नाव लिहिलं, त्यांच्या वडिलांच्या नावासकट. “संदेशात वाचून पाठ झालंय,” ती म्हणाली.

*

गुरुवारी ऑपरेशन झालं. बाबांना आत नेताना आई दारापर्यंत हात धरून चालली आणि काका बाहेरच्या बाकावर वही उघडून बसले, पर्यायी या नात्याने. कोणाला काहीही ठरवावं लागलं नाही. दीड तासाने बाबांनी डोळे उघडले आणि विचारलं, “सहा वाजले?”

दुपारी खोलीत आई, बाबा आणि तोफ एवढीच होती. काका डॉक्टरांच्या चष्म्याचा नंबर तपासायला गेले होते. डॉक्टरांनी बोलावलेलं नव्हतं. बाबा उशीला टेकून इस्पितळाच्या माहितीपत्रकातल्या चुकांवर खुणा करत होते. तोफ कॉटच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली, दोन्ही हात मागे बांधून, व्यासपीठावर उभी राहते तशी.

“मला एक सांगायचंय. विचारायचं नाहीये, सांगायचंय.”

“प्रश्न नाही ना?” बाबांनी पेन खाली ठेवलं.

“नाही, निर्णय आहे. काकांच्या अर्जातला रकाना कोरा आहे. तिथे माझं नाव लिहिणार. मी त्यांना सांगितलंय.”

“अगं पण,” आई म्हणाली, “अठरा पूर्ण लागतात.”

“माहितीये. अजून दीड वर्ष आहे.” तोफेने दप्तरातून घडी घातलेला कागद काढून बाबांच्या पांघरुणावर ठेवला. “तोपर्यंत बेशुद्ध पडणार नाही, असं त्यांच्याकडून लेखी घेतलंय. शुद्धलेखन तेवढं तपासा.”